यरुशलेमसाठी शहाण्णव नावं

तर्जनीच्या टोकाला निळं होतं. रेषारेषांत शिरलेलं, साबणाला न जुमानणारं, कार्बन पेपरचं निळं. शैलानं ब्युरेटची तोटी बंद केली आणि बोट खिडकीच्या उजेडात धरलं. कुणीतरी ठसा घ्यावा आणि कागदावर उमटायच्या ऐवजी तो बोटावरच राहून जावा, तसं दिसत होतं ते. ॲसिटोननं जाईल – जाणारच, मेणात कालवलेला रंग तो, त्याला पाणी काय करणार – पण ॲसिटोनची बाटली हार्दिकच्या टेबलावर होती, आणि मागितली की तो विचारणार, काय लागलं बोटाला? त्यावर एक साधं, खरं, निरुपद्रवी उत्तर होतं – परवा चर्चमध्ये एक यादी उतरवत होते – आणि तेच तिला देता येत नव्हतं. दोन वर्षं झाली या प्रयोगशाळेत, 'चर्च' हा शब्द तिनं इथे एकदाही उच्चारला नव्हता. ठरवून नव्हे. श्वास घेताना आपण काही ठरवत नाही, तसं.

फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी व्हायला हवं होतं. ते गडद झालं होतं. पुन्हा एक थेंब जास्त.

"शैलाताई, तिसऱ्यांदा हं!" हार्दिक पलीकडून म्हणाला. "आज ब्युरेटशी कट्टी आहे का काय? चालो, मी करून देऊ?"

"नको. करते मी."

"तबियत ठीक ना? चेहरा बघा जरा, अगदी वॉशबेसिनसारखा पांढरा झालाय."

ती हसली. हार्दिक चांगला होता. त्याचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते, हे तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा आणि मग स्वतःच म्हणायचा, आता वंशज पीएच मीटर सांभाळतोय. जानेवारीत, डांगातली प्रार्थनाघरं जळाल्याच्या बातम्या रोज येत होत्या तेव्हा, चहाच्या वेळी त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाला, "बाहेरून पैसा येतो ना यांना, मग होणारच असं." बोलण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं, आज गरम आहे म्हणावं तसं. मग त्यानं सेव-मुरमुऱ्याचा डबा तिच्यापुढे सरकवला, आणि तिनं मूठभर घेतले, आणि खाल्ले. त्यातला प्रत्येक मुरमुरा दाताखाली कसा वाजला, ते तिला अजून आठवतं.

घड्याळात सव्वादहा. भास्करराव साडेतीनला पोस्टात निघणार. सव्वापाच तास. तिनं ब्युरेट पुन्हा भरायला घेतलं.

... हात थरथरत नव्हता. हेच विचित्र होतं. मनात भीती एवढी, आणि हात कोरडा, स्थिर, कामसू.

भास्करराव पाटोळे, चर्चमधल्या मराठी मंडळीचे सेक्रेटरी. जन्मभर टपालखात्यात पत्रांच्या वर्गीकरणाचं काम केलेला सत्तरीचा माणूस, मांजलपुरात दोन खोल्यांत एकटा राहणारा. बसायच्या खोलीत कॅलेंडरच्या जागी एका शहराचा नकाशा – यरुशलेमचा, म्हणजे जेरुसलेमचा. त्या शहराच्या तटाला किती दरवाजे आहेत, कुठल्या दरवाजानं आत शिरलं की कुठल्या बाजारात निघतो, हे त्यांना पाठ. आणि बडोद्यातल्या नव्या पुलावर गेलं की विचारणार, आता डावीकडे का उजवीकडे गं? परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचा मसुदा पुण्याच्या एका प्रार्थना मंडळामार्फत त्यांच्याकडे आला होता. भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याला निवेदन: यरुशलेम ही इस्राएलची अखंड राजधानी मानावी, आणि आपली वकिलात तिथे हलवावी. मे महिन्यात तिथल्या कुठल्या कराराची मुदत संपते, त्याच्या आत जगभरातल्या मंडळ्यांनी आपापल्या सरकारांना कळवायचं. सोबत सभासदांची यादी – नाव, पत्ता, व्यवसाय.

दोन रविवारांमागे त्यांनी उपासनेनंतर मसुदा मराठीत वाचून दाखवला. "कोणाची हरकत असल्यास हात वर करावा," ते म्हणाले. कोणी केला नाही. मंडळीत ठराव असेच होतात – हरकत नसली की मान्य. मागच्या बाकांवर कोणी खोकलं. झालं. आणि शैलाचं अक्षर चांगलं, शैला कामात चोख, म्हणून यादी शैलाकडे.

"काका, तिथल्या ख्रिस्ती लोकांना विचारलंय का कुणी?" तिनं परवा विचारलं होतं. समोर सभासद रजिस्टरची झेरॉक्स पानं, कागदांत कार्बन घातलेला.

"कुठल्या?"

"यरुशलेममधल्या. मी लायब्ररीत वाचलं. तिथल्या सगळ्या पंथांच्या धर्मगुरूंनी मिळून लिहिलंय, शहर कुणा एकाचं करू नका, सगळ्यांना सारखं मोकळं ठेवा. ते आपलेच ना?"

भास्कररावांनी चष्मा कपाळावर चढवला. वादाची त्यांना हौस होती. "अगं, ते तिथले. त्यांच्या डोळ्यांत रोजची धूळ. पायथ्याशी राहणाऱ्याला डोंगर दिसत नाही, नुसता चढ लागतो."

"आणि इतक्या लांबून आपल्याला दिसतो?"

"लांबूनच दिसतो! बीएस्सी झालीस ना? दुर्बिणीतून काय बघता, नाकाचा शेंडा?" ते मोठ्यानं हसले, मग थांबले, आणि निराळ्याच आवाजात म्हणाले, "शैला, माझं नाव आजवर कुठे कुठे गेलं सांगू? रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि पगारपत्रकात. एकदा दिल्लीला, परराष्ट्र खात्याच्या टेबलावर जाऊ दे की. कुणी वाचणार नाही, माहितेय मला. पण तिथे कागद तरी असेल – बडोद्यात शहाण्णव माणसं आहेत आणि त्यांना या गावाबद्दल काही म्हणायचंय."

 तिला ते निवेदन पटलं नव्हतं. पण आपल्याला काही म्हणायचंय, ही भूक खोटी नव्हती. तिनं लिहायला सुरुवात केली. एक ते शहाण्णव. चोपन्नाव्या नावापाशी ती थांबली – बाळकृष्ण मारुती साळवे, रेल्वे कर्मचारी, तरसाली. तिचे वडील. पेन उचललं, आणि पंचावन्नावं नाव चोपन्न म्हणून लिहिलं. मनाला काही लागलं नाही. किती सहज. उलट एक गुप्त, चोख समाधान – कुणाला कळलंही नाही, आणि बाबा सुटले.

बाबा सुटले. म्हणजे बाकीचे काही अडकले नव्हते. बाकीच्यांचं वेगळं होतं, असं तिला तेव्हा वाटत होतं.

बाबांच्या नोकरीच्या कागदांवर हिंदू लिहिलं होतं, आणि त्याखाली जात. चोवीस वर्षांपूर्वी राखीव जागेवर ते रेल्वेत लागले, आणि त्याच्याही तीन वर्षं आधी, नगरला, आईशी लग्न करताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. बाप्तिस्मा झाला की कायद्यानं ती जात संपते, आणि जातीबरोबर ती जागाही. तिनं कॉलेजात असताना एकदा सरळ विचारलं होतं – बाबा, हे चूक नाही का? तिला उत्तर हवं होतं, हो किंवा नाही. ते बशीतला चहा हलवत राहिले. "गावात आमच्या घागरीत वरून, न शिवता, पाणी ओतायचे," ते म्हणाले. "बाप्तिस्मा झाल्यावर गेलो, तेव्हाही वरूनच ओतलं. दाखला नाही मागितला कुणी." बस, एवढंच. त्यानंतर ना तिनं विचारलं, ना ते बोलले.

पण घर त्या एका न बोललेल्या गोष्टीभोवती बांधलेलं होतं. नाताळचा कागदी तारा त्यांच्याकडे दारावर लागत नसे, स्वयंपाकघरात लागे, खिडकी बंद करून. ती सात वर्षांची असताना बाबांनी तिला समोर बसवून, पाढे घ्यावेत तसं घोकून घेतलं होतं – तुमचा मोठा सण कोणता? दिवाळी. काय करता? फराळ. देव कुठे आहेत? आजीकडे, गावाला. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आई ओट्याशी पाठ करून उभी असायची आणि भांडी गरजेपेक्षा जास्त वेळ घासायची. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिचं दफन झालं. बाबांनी वर्कशॉपमध्ये सांगितलं, अंत्यविधी नगरला केला – म्हणजे कुणी यायला नको. त्या दुपारी ते कबरस्तानाच्या भिंतीशी उभे होते, माती द्यायला पुढे आले नाहीत, लांबून बघत राहिले, कोणा ओळखीच्या माणसाच्या बाईला निरोप द्यायला आल्यासारखे.

आता चौदा महिने. चौदा महिन्यांनी ते निवृत्त होणार, आणि मग – असं ते म्हणत नसत, पण रोज सकाळी दाढी करताना ज्या पद्धतीनं ते कॅलेंडरकडे बघत त्यावरून तिला कळे – मग ते पहिल्या बाकावर बसणार होते.

"आलं का रीडिंग?" हार्दिकनं विचारलं.

"आलं. बारा पूर्णांक चार."

या वेळी बरोबर आलं होतं. तिनं वहीत लिहिलं, खाली सही केली. स्वतःच्या सहीकडे क्षणभर पाहिलं.

रजिस्टरच्या झेरॉक्समध्ये दोन घर क्रमांक पुसट होते. कुणी दुसरं असतं तर अंदाजानं घातले असते. मी नाही. मला मोकळ्या जागा सहन होत नाहीत, आणि अंदाज त्याहून नाही, म्हणून आज सकाळी साडेसातला, कामावर येण्याआधी, लुना काढून मी मांजलपूरला गेले. भास्कररावांनी कपाटातून मूळ रजिस्टर काढून दिलं. मी पान उलटलं, आणि...

काही नावं शाईत होती. काही पेन्सिलीत.

झेरॉक्सच्या यंत्राला शाई काय आणि पेन्सिल काय, सगळं एकच काळं. पण इथे, मूळ पानावर, शाईच्या निळ्या रांगेत मधेच एखादं नाव करडं, हलकं, श्वास रोखून लिहिल्यासारखं. एक हरणीकडचं, मग दुसरं, त्याचाच भाऊ, दोघे वीजखात्यात. वासण्याचं एक जोडपं. चोपन्नावे बाबा – पेन्सिलीत. तिचं स्वतःचं नाव आईच्या खोडलेल्या नावाखाली, शाईत. आणि एकोणसत्तर, पद्मा – पद्माकाकू, सरकारी शाळेत शिकवणारी, दर रविवारी दाराजवळच्या बाकावर बसून शेवटचं गीत संपायच्या आत निघून जाणारी. जातीच्या दाखल्याच्या रांगेत, कलेक्टर कचेरीत, शैला अठरा वर्षांची असताना बाबांबरोबर उभी होती, तेव्हा पुढे सहा माणसं सोडून पद्माकाकू होत्या, मुलाला घेऊन. नजरानजर झाली. दोघींनी एकाच वेळी मान फिरवली. पुढच्या रविवारी पद्माकाकूंनी तिच्या हातात हात देऊन नेहमीसारखा सलाम केला, आणि त्यावर एक अक्षर नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, आपण दोनच घरं. आणि परवा बाबांना वगळताना ते दुसरं घर आठवलंच नव्हतं.

पानं उलटत ती मोजत गेली होती. अकरा.

"पेन्सिलीत का आहेत ही, काका?"

"इंदिराबाईंची पद्धत," भास्करराव चहा गाळत म्हणाले. इंदिराबाई म्हणजे आधीच्या सेक्रेटरी, बावीस वर्षं रजिस्टर सांभाळून गेल्या वर्षी वारलेल्या. पेन्सिलीचा तुकडा अंबाड्यात खोचून ठेवणाऱ्या. "जे पक्कं नाही ते पेन्सिलीत, असं असावं. बदलीची माणसं असतील, नाहीतर वर्गणी थकलेली. मला काही सांगून गेल्या नाहीत. मी आठ महिन्यांचा सेक्रेटरी, लहान बाळ!"

सांगून गेल्या नाहीत. कशा सांगतील? बावीस वर्षं एका बाईनं अकरा घरांचं गुपित पेन्सिलीच्या टोकावर तोललं. मंडळीच्या छापील पुस्तिकेत ही नावं कधी आली नाहीत, जाहीर वाचली गेली नाहीत. ती माणसं त्या रविवारी बाकांवर बसलेली होती, निवेदन वाचलं गेलं तेव्हा. आणि त्यांनी हात वर केला नाही, कारण हात वर करणं म्हणजेच दिसणं, आणि कारण त्यांची खात्री होती – आपण पेन्सिलीत आहोत, आपल्याला कुठल्याही यादीत कुणी घालत नाही.

मी घातलं. शाईत, चांगल्या अक्षरात, व्यवसायासकट, कार्बन कॉपीसह. दहा नावं.

आणि तिथे, भास्कररावांच्या खोलीत, त्या नकाशाखाली, ते सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? का, हे सांगितल्याशिवाय काढा म्हणता येत नव्हतं. आणि का, हे सांगायचं म्हणजे इंदिराबाईंनी बावीस वर्षं जे कुणाच्या तोंडी लागू दिलं नाही ते बोलक्या, प्रेमळ, दारात उभं राहून अर्ध्या सोसायटीशी गप्पा मारणाऱ्या भास्कररावांच्या तोंडी द्यायचं. मी चहा प्याले. यादीत ते दोन घर क्रमांक लिहून दिले. "बाबांना सलाम सांग," ते जिन्यावरून ओरडले, खालच्या किराणावाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि माझी मान आपोआप खाली गेली.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिनं डबा उघडलाच नाही. आकडे मांडत बसली होती. दिल्लीत अशी निवेदनं किती येत असतील? हजारो. वाचतं कोण? कोणी नाही. समजा वाचलं. पडताळणीला इथे पाठवलं – भास्कररावच म्हणाले होते, खरी माणसं आहेत का बघायला पाठवतात म्हणे, म्हणून तर पत्ते – तर इथला कोणी ती यादी घेऊन दारोदार फिरेल. सध्या ख्रिस्ती घरांची मोजदाद करत माणसं फिरताहेत, असं वर्तमानपत्रात आलंच होतं. मग तो माणूस पद्माकाकूंच्या शाळेत जाईल. शंभरात एक? हजारात एक? उत्तर लहान येत होतं, प्रत्येक वेळी लहान, आणि त्या लहान आकड्याचा तिच्या भीतीशी काही संबंध नव्हता. भीतीला एककच नव्हतं. तरीही – हे तिच्या लक्षात आलं आणि ती ते मनात टिपून ठेवू लागली – तरीही सकाळपासून तिनं अकरा नमुने तपासले होते, त्यातले आठ बरोबर. दहा माणसांचं भवितव्य एका लिफाफ्यात असताना तिचा हात चालला होता.

कंपनीच्या फाटकाबाहेरच्या पिवळ्या पीसीओतून तिनं फोन लावला. कारण तयार होतं: एक पत्ता शंकास्पद आहे, उद्या पाठवू. उद्यापर्यंत काहीतरी सुचेल.

"अगं, तुझीच आठवण काढत होतो!" भास्कररावांचा आवाज फोनमध्येही दारात उभा असल्यासारखा. "कसली चोख गं तू? मी पत्रात लिहिलंय शहाण्णव सभासद, आणि यादीत पंच्याण्णव! वर्गीकरणवाला माणूस मी, मोजल्याशिवाय पिशवी बांधत नाही. शोधलं, शोधलं – आणि सापडलं कोण? तुझा बाप! स्वतःच्या बापालाच विसरलीस!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "घातलं हं मी. शेवटच्या ओळीत जागा होती. बाळकृष्णराव दरवेळी मागेच बसतात, म्हटलं इथेही मागेच बसा. लिफाफा बंद केलाय, साडेतीनला निघतो. शैला? ऐकतेस ना?"

"हो," ती म्हणाली. "ऐकतेय."

रिसीव्हर ठेवायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. खाचेत बसत नव्हता.

मग आलं ते सकाळच्या सारखं नव्हतंच. सकाळचं विचारात होतं. हे जिभेच्या मुळाशी होतं, धातू चाटल्याच्या चवीत. फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंतचं अंतर तिला नंतर आठवलं नाही. बाबा वर्कशॉपच्या दारात उभे, आणि कोणीतरी साहेब कागद पुढे करून विचारतोय, हे तुम्हीच का, आणि बाबा तो कागद चष्म्याशिवाय लांब धरून... तीन वाजून गेले आणि पिपेट हातातून सुटली. बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले.

"जाओ, घरी जाओ तुम्ही," हार्दिक काच गोळा करत म्हणाला. "साहेबांना मी सांगतो. सोडू का मी? स्कूटर आहे."

"नको, नको. लुना आहे."

त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. तिला एक क्षण वाटलं, सांगून टाकावं सगळं, इथेच, याला – आणि मग सेव-मुरमुऱ्याचा डबा आठवला, आणि तिनं ॲप्रन काढला.

मकरपुऱ्याचा रस्ता. ट्रक, धूळ, तिच्या डोळ्यांना पाणी. डावीकडे वळलं तर तरसाली, घर. सरळ गेलं तर वर्कशॉप, बाबा. त्यांना सांगावं? काय करतील ते? काही करणार नाहीत. कदाचित सुटकेनं बसतील खाली – संपलं एकदाचं. त्या शक्यतेनं तिला जास्तच भीती वाटली. ती पोस्टाकडे वळली, आणि वळताना, ब्रेक दाबताना, तिनं आपलं मन उघडं पाहिलं: ते कधीचं कामाला लागलं होतं. शेवटची ओळ. बाबांचं नाव शेवटच्या ओळीत आहे. लिफाफा फोडायला लावायचा, काहीतरी निमित्त काढायचं, आणि शेवटचं पान पुन्हा लिहायचं – फक्त शेवटचं. पंच्याण्णव. पत्रातला आकडा बदलायचा. कुणाला काही सांगावं लागणार नाही. पाच मिनिटांचं काम.

दहा जणांसाठी माझा हात चालू होता. एका माणसासाठी पिपेट फुटली. हे वहीत कुठे लिहायचं?

भास्करराव रजिस्ट्रीच्या खिडकीपुढच्या रांगेत होते, तिसरे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत लांब पिवळा लिफाफा. पोस्टात आले की ते पाहुणचाराला आल्यासारखे दिसत. तिला बघून चेहरा उजळला. "अरे वा! निरोप द्यायला आलीस? ये, ये. वेळेत आलीस, अजून खिडकीपर्यंत पोचलो नाही."

"काका, लिफाफा उघडायचाय."

"का गं? पत्ता चुकला?"

हो म्हणायचं होतं. एकच अक्षर. शेवटचं पान. तिनं तोंड उघडलं आणि तिला पद्माकाकूंचा हात जाणवला, तो रविवारचा, खडूनं कोरडा पडलेला, कलेक्टर कचेरीनंतरचा – ज्यानं तिच्या हातात काहीच न सांगता सगळं ठेवलं होतं.

"पेन्सिलीतली नावं काढायची. अकराच्या अकरा."

"अगं, वर्गणीचं बघू नंतर, त्यानं काय –"

"वर्गणी नाही, काका." तिनं मागे पाहिलं. मागे एक बाई लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिनं आवाज आणखी खाली नेला, इतका की तो तिचाच तिला नीट ऐकू येईना. "त्यांच्या नोकरीच्या कागदांवर दुसरं आहे."

"दुसरं काय?"

तिनं निळं बोट लिफाफ्यावर टेकवलं. 

"धर्म?" भास्करराव म्हणाले. टपालाच्या गोदामात या टोकाहून त्या टोकाला गावांची नावं पुकारणाऱ्या आवाजात. लग्नपत्रिकावाल्या बाईनं मान वर केली. खिडकीतल्या कारकुनाचा शिक्का क्षणभर हवेत थांबल्यासारखा वाटला, किंवा तिलाच तसं वाटलं. आणि मग तिनं त्यांच्या चेहऱ्यावर ते होताना पाहिलं – हळूहळू, चष्म्यामागून, कुठलीशी मागची बाकं, लवकर उठून जाणारी माणसं, न छापलेली नावं, सगळं जागेवर जाऊन बसताना. लिफाफा काखेतून निघून छातीशी आला. दोन्ही हातांत.

"बाळकृष्णरावपण," ते पुटपुटले.

तिनं मान हलवली.

"म्हणून तू त्यांना वगळलं होतंस."

"हो."

"आणि बाकीचे दहा?"

"मला माहीत नव्हतं. रजिस्टर बघितलं तेव्हा कळलं. आज सकाळी."

"सकाळी." ते तिच्याकडे बघत होते. रागावून नव्हे, रागावले असते तर बरं झालं असतं. "सकाळी तू चहा पिऊन गेलीस, शैला."

  ती तिथे उभी राहिली आणि ते वाक्य तिच्या आत खाली खाली जात राहिलं, तळ न लागता.

"काका, आवो," खिडकीतून कारकून म्हणाला. "तमारो नंबर."

भास्करराव हलले नाहीत. कारकुनानं पुन्हा हाक मारली. त्यांनी बाजूला होऊन लग्नपत्रिकावाल्या बाईला हातानंच पुढे जायला सांगितलं, आणि मग त्यांनी जे केलं ते तिनं त्यांना आजवर कधी करताना पाहिलं नव्हतं: त्यांनी मागे पाहिलं. दाराकडे, मग बाकावर बसलेल्या माणसाकडे, मग पुन्हा दाराकडे.  "मी कुणाला बोलणार नाही," ते म्हणाले, फार लवकर म्हणाले, कुणी विचारायच्या आत. आणि मग, जवळजवळ विनवत, "पण मला आठवत नाहीत गं. कोण कोण आहेत? तू सांग ना. मी चुकून कुणाजवळ... कोण कोण?"

नावं तिला पाठ होती. सकाळी एकदा मोजताना पाहिली तेवढीच, तरी क्रमानं, पत्त्यांसकट, व्यवसायासकट. हरणीचे दोघे. वासण्याचे दोघे. ओठ उघडले गेले, आणि मिटले. लिफाफ्यातला कागद फाडता येईल. हे कुठे फाडायचं? दिवसभर तिला वाटत होतं, कुणाला तरी सांगितलं की हलकं होईल. सांगितलं होतं आता. आणि समोरच्या म्हाताऱ्या, भोळ्या, त्या दूरच्या शहराचे सगळे दरवाजे पाठ असलेल्या माणसाच्या डोळ्यांत ती तिच्याच घरातली, तिच्याच लहानपणची भीती बघत होती, आणि तिच्या स्वतःच्या भीतीतून रतीभरही काही कमी झालेलं नव्हतं. होणारच नव्हतं. द्रावण दोन भांड्यांत ओतलं म्हणून त्याची तीव्रता निम्मी होत नाही. दोन्हीकडे तेवढीच राहते. हे तर मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

ते अजून तिच्या तोंडाकडे बघत होते, वाट पाहत. तिनं त्यांच्या दंडाला धरलं, आणि तिला उमगलं की आज पहिल्यांदाच आपण बाबांसाठी घाबरलेलो नाही, आणि त्या दहांसाठीही नाही – तर या माणसासाठी, ज्याला तिनं आत्ता, भर दुपारी, पोस्टाच्या रांगेत, पेन्सिलीतल्या माणसांतलाच एक करून टाकलं होतं.